नारिंगी फितीतली कोय

यावाताहामा,
९ नोव्हेंबर

आदरणीय नागीताईंना सायोचा कमरेत वाकून नमस्कार.

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं शिमामोरीबाईंनी आपल्याला आखाड्यात शिकवलं होतं, म्हणून आधी हवा. इकडे अजून दुपारी घाम येतो. तिकडे हाचिनोहेत बोटं आखडायला लागली असतील, रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावरून उतरला असेल आणि त्याच्यासमोरची जागा तू धरली असशील. तुझी मावशी मासळी बाजारात अजून सगळ्यांवर ओरडते ना? माझी तब्येत झकास. झालं हवापाणी.

आता 'ताई' आणि 'तुम्ही' बंद. तीन वर्षं चारचौघांत म्हणून झालंय तेवढं पुरे. एकाच दिवशी, एकाच बसने आलो होतो आपण दोघी. उतरल्यावर तू नाकासमोर चालत गेलीस. मी बंदरावर थांबले, कारण एका समुद्रपक्ष्याने एका माणसाच्या हातातलं बटाट्याचं क्रोकेट पळवलं होतं आणि तो माणूस पक्ष्याशी भांडत होता, अगदी 'तुला लाज वाटत नाही का' वगैरे. असं भांडण अर्धवट टाकून कोण पुढे जाईल? तू गेलीस. मी पोचले तेव्हा बाई दारात घड्याळ बघत उभ्या.

"सात मिनिटं," म्हणाल्या.

"माफ करा, बाई."

"माफीचं काय त्यात? ही आत आधी आली, ही मोठी. तू धाकटी. हिला तुम्ही म्हणायचं, हिच्यानंतर जेवायचं, हिच्यानंतर न्हायचं."

मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे हे सांगायला तोंड उघडलं, तर आतून तुझा आवाज आला, "चपला नीट लाव." तू मला बोललेलं पहिलं वाक्य ते!

तर अभिनंदन. ते करायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं. तोक्योतल्या त्या लढतीचं जिकडे तिकडे कौतुक चाललंय. मी इथे डोंगरउतारावर संत्री तोडायला आलेय, निनोमियांच्या मळ्यात, पहिल्या तारखेपासून. माझा फोन ऑगस्टमध्ये एका बोटीच्या संडासात पडला (लांबलचक गोष्ट आहे, त्यात एक पाद्री आहे), म्हणून निनोमियाकाकूंच्या फोनवर बघितली तुझी लढत. दुपारच्या सुट्टीत, बांधावर बसून. काकूंना कुस्तीतलं काही कळत नाही.

"अगंबाई, केवढं रक्त! ही कोण तुझी?"

"कोणी नाही. आम्ही एकत्र स्वयंपाक करायचो."

"मग डोळे का पुसतेस?"

"साल उडालं डोळ्यात."

"हातात संत्रं कुठाय तुझ्या?" म्हणाल्या. इथली माणसं फार बघतात.

खरं सांगू, लढत चांगली झाली. झाली बाई. समोर कुरोगाने, चार वर्षांची विजेती, पंच्याण्णव किलो, आणि तू एवढीशी, त्यात घंटा व्हायच्या आधीच भुवई फुटलेली. पहिली दहा मिनिटं तिने तुला नुसतं झोडपलं. चौदाव्या मिनिटाला तिने तुला दोरांवरून बाहेर फेकलं आणि पंच वीस मोजायच्या आत, एकोणिसाव्या आकड्याला, तू आत सरपटलीस, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. घामात, रक्तात, आणि तू अंगाला चोळतेस त्या पुदिन्याच्या तेलाच्या वासात पब्लिक वेडं झालं होतं. तीस मिनिटं पुरी. बरोबरी. आणि आता २१ डिसेंबरला पुन्हा तीच जोडी, तीही आपल्या गावात. वर्षातली सगळ्यांत मोठी लढत म्हणतात. म्हणू देत.

पण पंचविसाव्या मिनिटाला तू तिला जो डाव लावलास ना, एक पाय मानेमागे, हनुवटी गुडघ्यात आणि वर बसायचं, त्याला बोलणारा माणूस 'त्सुकिदातेची खास घडी' म्हणाला. त्सुकिदातेची, म्हणजे तुझी! नागी, तो डाव मी काढलाय. तू सकाळी उठत नव्हतीस म्हणून मी तुला गादीसकट गुंडाळून वर बसले होते आणि तू आतून ओरडत होतीस, "सोड गं, बाई आल्या!" आपण त्याला अंथरुणाची घडी म्हणायचो. तेवढं तरी सांगायचंस कुणाला. नारिंगी रंग तुझा, कारण मोठीने आधी निवडायचा. मला उरला आकाशी, जो दिव्यांखाली दिसतसुद्धा नाही. माझं नाव पुकारलं की पब्लिकने फेकलेल्या कागदी फिती पडायच्या आणि लोकांना वाटायचं काही पडलंच नाही. पडायला आधी शिकले कोण? मी. तू तर कोलांटी मारताना महिनाभर रडत होतीस. आणि आता मी दिवसभर झाडावर चढून तुझा रंग तोडते. अठरा किलोची पेटी. रोज तीस पेट्या.

जाऊ दे. भुवईला टाके किती पडले? कुणीतरी फितीतली पुठ्ठ्याची कोय न काढता गुंडाळी फेकली असं ऐकलं. असतात काही लोक बेअक्कल.

पत्ता पाकिटामागे आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी धाकटी(!),
सायो

*

यावाताहामा,
२२ नोव्हेंबर, पाऊस

नागी,

आज पाऊस आहे. ओली संत्री तोडत नाहीत, म्हणून सुट्टी. तुझं पत्र मंगळवारीच आलं. चार दिवस उशीखाली ठेवलं. अक्षर अजून तसंच, बेडूक वाळत घातल्यासारखं.

इथे डोंगरावर संत्र्याच्या पेट्या वाहायला एक छोटीशी गाडी आहे, एकाच रुळावर चालते, जिन्यासारखी उभी चढते. माणसांनी बसायचं नसतं. मी परवा बसले. निनोमियाकाका खालून ओरडले, "उतर, पेटी आहेस का तू?" मी म्हटलं, "काका, वजन भरतंय की!" तर म्हणाले, "पेटी बरी, पेटी उत्तर देत नाही." फार मजा येते. तू बसली असतीस तर घाबरली असतीस.

बरं. तुझा प्रश्न.

"फोनमधून पुदिन्याचा वास कधीपासून यायला लागला?"

पहिल्या पानावर एवढी एकच ओळ आणि खाली सगळं रिकामं. हे शिमामोरीबाईंचं शिकलीस तू, एक वाक्य टाकायचं आणि बघत बसायचं.

मी सभागृहात होते. झालं समाधान? बोटीवरचं काम संपलं होतं, इकडचं सुरू व्हायला वेळ होता, मधल्या दिवसांत तोक्योत होते, सहजच. टोपी घातली होती, तोंडाला मास्क. वर गॅलरीत जिन्यापाशी उभी राहिले. भेटायला आले नाही, कारण भेटून काय बोलणार होते? 'टोफू आणायला म्हणून बाहेर पडले होते, जरा उशीर झाला'? गेल्या वर्षीचा फेब्रुवारी होता, बाईंनी आदल्याच संध्याकाळी तोक्योच्या स्पर्धेसाठी तुझं नाव सांगितलं होतं, आणि रात्रीच्या रश्श्यात घालायला टोफू नव्हता. मी पिशवी घेतली, दुकान ओलांडलं, स्टेशन आलं. ती पिशवी अजून माझ्याकडेच आहे. बाईंना सांग.

आणि तुला खरं हवं ना, तर हे घे. मी तुला बघायला आले नव्हते. तू हरताना बघायला आले होते. कुरोगाने तुला पाच मिनिटांत चीत करेल आणि मी खाली जाऊन रेल्वेस्टेशनवर गरम नूडल्स खाईन, असा बेत होता. बरं वाटलं असतं मला. असं लिहिताना लाज वाटायला हवी, थोडी वाटतेय, पण ज्या दिवशी तुझं नाव लागलं त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते संत्र्यांनी थांबत नाही, समुद्रानेही थांबलं नाही. तू वाईट असतीस तर सोपं गेलं असतं. तू तर न्हाणीत माझ्यासाठी गरम पाणी ठेवायचीस.

लाँड्रीवाली किनूआजी दिसली होती मला. जिन्यावर उभी राहून सगळ्यांना नारिंगी गुंडाळ्या वाटत होती, तो नारिंगी डगला घालून. तू लिहिलंयस की तुझी भुवई फोडणारी ती कोयीसकटची गुंडाळी तिच्या फितींतली निघाली, तिने स्वतःच पुढे येऊन कबूल केलं, तुझ्यासमोर जमिनीला डोकं टेकलं, आणि आता ती लढतींना येत नाही, समर्थक मंडळातून नाव काढून घेतलंय, डगला धुऊन इस्त्री करून बाईंकडे परत दिलाय. आणि बाईंनी २१ तारखेला फिती बंद केल्यात. एकही फेकायची नाही.

किनूआजीच्या फितीत कोय राहिली, हे तुला खरं वाटलं?

म्हणजे म्हातारी झालीय ती. त्र्याहत्तर. होतं असं कधीतरी. डोळे दगा देतात.

आठवतंय, आखाड्यात आल्यावर पहिल्या महिन्यात बाईंनी आपल्याला कपडे घेऊन तिच्या लाँड्रीत पाठवलं होतं, आणि तिने कपडे बाजूला टाकून इस्त्रीच्या टेबलावर फितींचा ढीग ओतला होता? "अंगठा घाला. आतली पुठ्ठ्याची नळी लागली? दाबा, पिळा, ओढा. ही कोय. ही काढली की नुसता कागद, हवेत उलगडतो, अंगावर पडला तरी फुलासारखा. ही ठेवली की दगड." एकेक गुंडाळी पुन्हा तपासायची ती. काढलेल्या कोया त्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. आणि मला म्हणाली होती, "तू डावखुरी. तू वरून नको फेकू, कमरेतून फेक, छान जाते." आपण दोघींनी अख्खी दुपार तिच्या दुकानात फिती फेकल्या होत्या. गिऱ्हाइकाचा कोट नारिंगी झाला होता.

डाव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं असं तू अगदी शेवटी, कोपऱ्यात लिहिलंयस. मुख्य बातमी कोपऱ्यात लिहायची सवय गेली नाही तुझी. डॉक्टर लढायला हो म्हणाले म्हणतेस, पण तू त्यांना सगळं सांगितलंस का? कुरोगानेचा उजवा हात त्याच बाजूने येतो. जप.

आणि किनूआजी रविवारी दुपारी आता काय करते, माहीत आहे का तुला?

पाऊस थांबला वाटतं. काकू हाक मारतायत.

सायो

*

यावाताहामा,
७ डिसेंबर

नागी,

हवापाणी नाही. टाकलं तर मी त्यातच अडकेन, मला मी माहीत आहे.

परवा काकूंचा फोन मागितला. नंबर पाठ होता, दुकानाच्या पाटीवर केवढा मोठा लिहिलाय.

"मात्सुबाशी लाँड्री. द्यायचेत की न्यायचेत?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. मागे तिचं वाफेचं यंत्र फुसफुसत होतं.

"हॅलो? कपडे द्यायचेत की न्यायचेत, बोला की."

"आजी..."

तिने वाफ बंद केली. मग म्हणाली, "टोफू मिळाला का गं?"

मी रडायलाच लागले. ती थांबली नाही. म्हणाली, "दुकान तीन मिनिटांवर होतं. पावणेदोन वर्षं लागली. बघून घेत होतीस काय, ताजा आहे का ते?"

"आजी, तुला त्या दिवशी मी ओळखू आले होते?"

"टोपी घातली म्हणजे माणूस बदलतो का? तुझ्या हातात गुंडाळी दिली ना मी."

दिली होती, नागी. हे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही. जिन्यावर तिने माझ्या हातात एक नारिंगी गुंडाळी ठेवली आणि इतर सगळ्यांना म्हणत होती तेच म्हणाली, "कोय काढलीये, निर्धास्त फेक." मी मान खाली घालून वर गेले. मला वाटलं, सुटले.

पण माझ्या दुसऱ्या खिशात आणखी एक होती. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेली. का घेतली? आकाशी शोधत होते, खरंच सांगते. मला माझ्या रंगाची एक फीत तुझ्या अंगावर फेकायची होती, लोकांना दिसली नसती तरी. आकाशी नव्हती. नारिंगी भरपूर होती. तेव्हाच डोकं फिरलं माझं.

मग तुझं नाव पुकारलं. तू कोपऱ्यात उभी राहून तो एक हात वर केलास. सगळीकडून नारिंगी, सगळं छत नारिंगी, आणि माझ्या डाव्या हातात दुकानातली गुंडाळी. नागी, मी गेले दोन महिने स्वतःला सांगतेय की विसरले. गडबडीत विसरले, मास्कमुळे दम लागला होता, विसरले. तुला पण तेच सांगणार होते. पण हाताला सवय असते. हजारो फितींच्या कोया काढल्यात मी. माझा अंगठा आपणहून आत गेला. त्याला नळी लागली. कडक. आणि अंगठा बाहेर आला. रिकामा.

मग मी फेकली. कमरेतून.

इतर सगळ्या हवेत उलगडल्या, तुझ्यापर्यंत पोचता पोचता नुसता कागद. एकच उलगडली नाही. ती सरळ गेली. तू मान मागे घेतलीस तेव्हा मला आधी वाटलं लागलीच नाही. मग रक्त आलं.

आणि ऐक, यापुढचं त्याहून वाईट आहे. पंचाने तुझा डोळा बघितला, तू त्याचा हात झटकलास आणि घंटा वाजवायला सांगितलंस, तेव्हा सगळं सभागृह उभं राहून तुझं नाव घ्यायला लागलं. आणि मला भीती वाटली नाही की आता हिचा डोळा जाईल. मला वाटलं, हेही हिलाच मिळालं. मी मारलेल्या दगडाचंसुद्धा हिने सोनं केलं. तीस मिनिटं मी तिथेच उभी राहून जळत होते, आणि तू माझा डाव लावलास तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला माहीत नाही. मी फार शिकलेली नाही.

लोक ज्याला वर्षातली सगळ्यांत मोठी लढत म्हणतात ना, त्यातलं रक्त माझं आहे. म्हणजे तुझं आहे. म्हणजे, कळलं तुला.

फोनवर मी आजीला विचारलं, "मी ते केलं, हे तुला कसं कळलं?"

"अठ्ठेचाळीस गुंडाळ्या नेल्या होत्या. त्या गोंधळातच खाली बसून डबा मोजला. अठ्ठेचाळीस कोया. माझं डोकं अजून जागेवर आहे. आणि वर जिन्यापाशी कमरेतून फेकणारी डावखुरी एकच पोर होती. शिकवलं कुणी?"

"मग तू का म्हणालीस तुझी होती म्हणून?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं. हॉलवाले विचारत होते, शिमामोरी दात ओठ खात होती. तुझं नाव घेतलं असतं तर तिने तुझ्यासाठी दार कायमचं बंद केलं असतं. पळालेल्या पोरीला ती घेते परत, दोनदा घेतलंय तिने, मी बघितलंय. पण आपल्याच माणसाला दगड मारणारीला नाही घेणार. म्हातारीचं काय, मला घरी बसायला काय लागतं? गुडघे दुखतातच नाहीतरी."

"दुखतात का गुडघे?"

"नाही."

मग मी विचारलं, "रविवारी दुपारी काय करतेस आता?"

"इस्त्री."

"आणि?"

"आणि काही नाही," म्हणाली. "पंधरा वर्षं रविवारी दुपारी दुसरं काही केलं नव्हतं, आता सुचत नाही." आणि लगेच, "फोनचं बिल कुणाचं वाढवतेस? ठेव." ठेवलाच तिने.

काकू दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार, इथे भिंती पातळ आहेत. "साल उडालं का डोळ्यात?" एवढंच म्हणाल्या, आणि संत्र्याची एक फोड माझ्या तोंडात कोंबली.

नागी, आता मी काय केलंय ते सांगते, म्हणजे तू मला थांबवायच्या आत ते झालेलं असेल. याच्यासारखंच दुसरं पत्र शिमामोरीबाईंना लिहिलं. अंगठ्याचं पण लिहिलं. ते पत्र आज सकाळी पेटीत टाकून आले, कारण तुझं आधी टाकलं असतं तर बाईंचं खिशात राहिलं असतं, मी मला ओळखते. त्यांना सांगितलंय की किनूआजीचा डगला तिला परत द्या आणि २१ ला तिला पहिल्या रांगेत बसवा. फिती बंद ठेवायच्या तर माझ्यामुळे ठेवा, तिच्यामुळे नको. आखाड्यात घ्या असं लिहिलं नाही. तो आता मागायचा हक्क नाही माझा. ज्या दाराखातर म्हातारीने जमिनीला डोकं टेकलं, ते दार मीच लावून आले. ती चिडेल. चिडू दे.

वीस तारखेला मी हाचिनोहेत येतेय. काकूंनी हंगाम संपायच्या चार दिवस आधी सोडते म्हटलंय. बसमधून उतरले की सरळ चालणार, पक्ष्यांनी अख्खं बंदर पळवलं तरी बघणार नाही. आधी लाँड्री. किनूआजीला घेऊन सभागृहाच्या दारापर्यंत येईन. बाईंनी मला आत सोडलं नाही तर बाहेर पायरीवर बसेन, घंटा बाहेरही ऐकू येते.

डोळ्याचं तू डॉक्टरांना सगळं सांग. हे धाकटीने मोठीला सांगायचं नसतं, तरी सांगतेय. न सांगता लढलीस तर तुला काही झालं की ते माझ्या हाताने झालेलं असेल, आणि जिंकलीस तरी. लढायला नको म्हणाले तर लढू नकोस. कुरोगाने कुठे पळून जात नाही, पळते ती मी.

आणि लढलीस, जिंकलीस, तर माझ्या पोटात दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवते. पत्र लिहिल्याने ते गेलेलं नाही. मला वाटलं होतं जाईल. शेवटचं पान लिहितानासुद्धा मनात येतंय की त्या कोपऱ्यात मी उभी असते तर कशी दिसले असते. पण अंथरुणाची घडी लाव. नाव काहीही म्हणू देत.

पाकिटात एक गुंडाळी आहे. किनूआजीने जिन्यावर माझ्या हातात ठेवलेली तीच. दोन महिने खिशात होती, थोडी चपटी झालीय, संत्र्याचा वास लागलाय. मी ती फेकली नाही. तुझी आहे.

उघडण्याआधी अंगठा घालून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बघच.

तुझ्यामागून सात मिनिटांनी आलेली,
सायो